पोतं परत पाठवणारी सेवा

गेलं दीड वर्ष आमच्या इमारतीत एक छोटा गट दर पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी येतो आणि प्लॅस्टिक घेऊन जातो. ही सेवा आपोआप सुरू झाली नाही. त्याआधी कचऱ्याची जी गाडी यायची, ती आम्ही वेगळं ठेवलेलं सगळं पुन्हा एकाच ढिगात ओतायची. गच्चीवरून ते बघून जीव तुटायचा. मग अठरा घरांच्या सह्या घेतल्या, या गटाला दोनदा जाऊन भेटलो, खालच्या जिन्याजवळची जागा रिकामी करून दिली, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले.

पहिल्याच फेरीला आमचं पोतं परत आलं. वर चिठ्ठी होती : बाटल्यांत पाणी आहे, एक डबा तेलकट आहे, बिस्किटांची पाकिटं काढा. मला राग आला, खरं सांगते. तशीच खाली गेले. वजनकाट्यापाशी एक मुलगी होती. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तेलकट डबा एकच असतो, पण पोतं दाबलं की ते तेल शेजारच्या पिशव्यांना लागतं. मग पुढचा माणूस सगळंच नाकारतो." त्या दिवशी पोतं वर नेऊन मी सगळं धुतलं, वाळवलं. या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. ते नाही म्हणतात आणि का नाही, तेही सांगतात.

मी सत्तावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. तरीही बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण दिसला की ती वस्तू रिसायकल होणारच, असं मी धरून चालले होते. तसं नाही. त्या त्रिकोणातले १ ते ७ हे आकडे प्लॅस्टिकचा प्रकार सांगतात, बाकी काही नाही. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली. लोकांचा हा गोंधळ टाळण्यासाठी २०१३ मध्ये मानकात बाणांच्या जागी साधा त्रिकोण आला, पण जुने बाण अजून सर्रास दिसतात. आमचा गट १, २ आणि ५ आनंदाने घेतो. ४ म्हणजे मऊ पिशव्या, त्या कोरड्या असतील तरच. ३ म्हणजे पीव्हीसी अजिबात नाही, आणि ते योग्यच आहे. पेट म्हणजे १ आकड्याचं, पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक. पेटच्या बाटल्या वितळवायला साधारण अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि थोडं मिसळलं तरी बाकीचा माल पिवळा पडून ठिसूळ होतो.

शेजारच्या मुलांना मी परातभर पाण्यात हे करून दाखवलं. बाटलीचा तुकडा तळाशी गेला, तिचंच झाकण तरंगलं. पेट पाण्यापेक्षा जड, झाकणाचं प्लॅस्टिक हलकं. बाटल्यांचा चुरा करून झाल्यावर कारखान्यातही असेच दोन्ही वेगळे काढतात. आता आमच्या मजल्यावर मुलंच पोती तपासतात, आणि मोठ्या माणसांपेक्षा कडक तपासतात.

बिस्किटांच्या नि वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं मात्र कुणाकडेच धड उत्तर नाही. त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा पातळ मुलामा एकमेकांना पक्के चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ६३० कोटी टन प्लॅस्टिक कचऱ्यात गेलं, त्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वास बसला नव्हता. परत आलेल्या पाकिटांचा ढीग घरातच पाहिल्यावर बसला.

आता तक्रारी. पहिले पाच-सहा महिने माल पुढे कुठे जातो, हे विचारलं की "पुढे जातो" एवढंच उत्तर मिळायचं. ज्यांनी आधीची गाडी पाहिली होती, त्यांना हे पुरेसं नव्हतं. आम्ही लेखी मागणी केली आणि चौघी जणी त्यांच्या शेडवर गेलो. प्रकारानुसार रचलेले गठ्ठे पाहून समाधान वाटलं. पण निवडणाऱ्या बायकांच्या हातात मोजे नव्हते, आणि समोरच्या ढिगात फुटकी काच होती. आमच्यासारख्यांच्याच पोत्यांतून आलेली. ते आम्ही तिथल्या तिथे बोललो आणि नंतर दर फेरीला विचारत राहिलो. आता मोजे आहेत. पावतीवरही प्रकारवार वजन, नाकारलेला माल आणि तो कुणाला दिला, हे येतं. ही सुधारणा त्यांनी केली याचं श्रेय त्यांना आहेच, पण मागितल्याशिवाय ती झाली नसती.

वेळ अजून गैरसोयीची आहे. आठ ते दहा, तीही फक्त शनिवारी. पाळीवर जाणाऱ्या दोन घरांची पोती म्हणूनच माझ्या दारात असतात. थर्मोकोल ते घेत नाहीत. फोनवर येणारी आठवण त्याच सकाळी येते. आदल्या रात्री यायला हवी.

वजनाचं मात्र सांगायलाच हवं. सुरुवातीला इमारतीचं एका फेरीचं वजन ४१ किलो होतं, गेल्या महिन्यात २६ भरलं. आम्ही आळशी झालो म्हणून नाही. पोतं परत येईल या धास्तीने लोक दुकानातच पाकीट उलटून बघायला लागले. सहा घरांनी कपडे धुण्याचं द्रव एकत्र, मोठ्या कॅनमध्ये घ्यायला सुरुवात केली आणि तो कॅन पुन्हा भरून आणतात. गटाला माल कमी मिळतो, तरी त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

सध्या अडलंय ते काळ्या डब्यांपाशी. मोठ्या कारखान्यांतली निवडणारी यंत्रं अवरक्त किरणांनी प्लॅस्टिक ओळखतात. काळ्या रंगातली काजळी ते किरण शोषून घेते, त्यामुळे डबा यंत्राला दिसतच नाही. गटाने ते घेणं थांबवलं, तेव्हा आम्ही बाहेरचं जेवण पाठवणाऱ्या जवळच्या तिघांना परत आलेले डबेच नेऊन दाखवले. एकाने पारदर्शक, ५ आकड्याचे डबे सुरू केले. उरलेल्या दोघांकडे या शनिवारी पोतं दिल्यावर पुन्हा जाणार आहोत.