चहाची टाकी आणि तिची तोटी: कोजागिरी ते रथसप्तमी वापरल्यानंतरचा अनुभव

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज. ओसरीवर दोन्ही नणंदा, त्यांची घरची मंडळी आणि शेजारपाजारचे मिळून पंचवीस-तीस माणसे बसलेली होती आणि नेमक्या त्याच वेळी टाकीची तोटी बंद होईना. खटका सोडला तरी चहा थेंबाथेंबाने गळतच राहिला. आधी टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर बशीएवढा डाग पडला, मग चादरीची कड भिजली आणि तिथून चहा खाली रांगोळीच्या ठिपक्यांवर ठिबकू लागला. मुलाने तोटीखाली पातेले धरले. रात्री पाहिले तेव्हा त्या पातेल्यात जवळपास दीड लिटर चहा जमला होता, आणि तोवर तो गार होऊन गेलेला असल्यामुळे सगळा फेकून द्यावा लागला. ६० रुपये लिटरचे दूध, साखर, चहापत्ती आणि गॅस असे सगळे त्यात गेले. ही टाकी घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याच्या घरी असे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दहा लिटरची, दुहेरी भिंतीची, तोटी असलेली स्टीलची टाकी कशी असते हे बहुतेकांना माहीत असेल; लग्नकार्यात केटरिंगवाले वापरतात तीच. आमची २,८५० रुपयांना अमरावतीहून आणली. आमचे गाव वरुडच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या घरी रोज चाळीस-पन्नास माणसांचे येणे-जाणे असते, आणि गेली अठरा वर्षे ते चारही दिवस मी आणि माझ्या जाऊबाईंनी गॅसपुढे उभे राहून काढले आहेत. दर अर्ध्या तासाला नवे आधण, नवे पाहुणे, पुन्हा तेच. एकदा सगळे गरम पेय करून ओसरीवर मांडून ठेवावे आणि आपणही माणसांत बसावे, एवढीच इच्छा होती.

विजेवर चालणारा बॉयलर का घेतला नाही, असे मला अनेकींनी विचारले. नागपूरच्या नणंदेकडून आठ लिटरचा, १५०० वॉटचा बॉयलर नवरात्रात आणून पाहिला होता. आमच्याकडे संध्याकाळी वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. त्या दिवशी स्टॅबिलायझरचा काटा १६० वर होता. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे २३० व्होल्टला १५०० वॉट देणारा हीटर १६० व्होल्टला जेमतेम ७२५ वॉट देतो. आठ लिटर पाणी वीस अंशांवरून पंचाण्णव अंशांवर न्यायला जिथे अठ्ठावीस मिनिटे लागायला हवीत, तिथे हिशेबानेच तासभर लागतो, आणि आम्हाला तासाच्या वर लागला. शिवाय बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पहिल्याच दिवशी तळाशी धरला. बॉयलर परत पाठवला आणि गॅसवर उकळून भरायची ही साधी टाकी घेतली. तो निर्णय बरोबर होता, असे आजही वाटते.

उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत टाकीला नावे ठेवायला जागा नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक मुलाने दोन दिवसांसाठी मागून आणला होता, त्याने मोजले. काठोकाठ भरताना ९४ अंश असलेला चहा चार तासांनी ७८ अंशांवर होता. अर्धीच टाकी भरली तेव्हा मात्र तेवढ्याच वेळात तो ६६ पर्यंत उतरला. भरण्याआधी उकळते पाणी पाच मिनिटे आत ठेवून ओतून टाकावे, असे सगळे सांगतात. टाकी पूर्ण भरायची असेल तर त्याने दोनेक अंशांचाच फरक पडतो, पण तीन लिटरच भरायचे असेल तर पाच अंश तरी वाचतात, कारण थोड्या चहाला तेवढेच स्टील तापवावे लागते. स्टीलच्या दर्जाबद्दल दुकानदाराने चुंबक लावून दाखवले आणि ते चिकटत नाही म्हणजे स्टील ३०४ या चांगल्या दर्जाचे आहे, असे सांगितले. चुंबक स्वस्तातल्या २०२ च्या स्टीललाही सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या प्रयोगावर कोणी विसंबू नये.

आता तोटी. टाकीची किंमत, आकार, चकाकी, झाकणाच्या कड्या हे सगळे दुय्यम आहे. पाहुण्यांसमोर आपली अब्रू राखते ती तोटी, आणि दुकानात तिच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या तोटीत खटका दाबला की आतला दट्ट्या वर उचलला जातो आणि सोडला की स्प्रिंगच्या जोराने सिलिकॉनच्या वायसरवर बसतो. या वायसरवर मोहरीएवढा कण जरी अडकला तरी दट्ट्या पूर्ण बसत नाही आणि गळती सुरू होते. ६ ऑक्टोबरला कोजागिरीचे आठ लिटर मसाला दूध याच टाकीत भरले होते. पहिले दहा पेले व्यवस्थित निघाले, मग धार बारीक झाली, मग थांबली. दुसऱ्या दिवशी तोटी उघडून पाहिली तर दट्ट्याखाली एक अख्खी चारोळी बसलेली, तिच्याभोवती सायीचा पापुद्रा आणि केशराच्या दोन काड्या. चूक आपली, असे समजून पुढे दूध गाळून भरायचे ठरवले. पण भाऊबीजेला चहा दोनदा गाळलेला होता, त्यात चारोळी नव्हती की काही नव्हते, आणि तरीही तोटी गळाली. तेव्हा दोष तोटीतच आहे, अशी माझी पक्की खात्री झाली.

दिवाळीनंतर टाकी घेऊन अमरावतीला गेले. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे खर्च थोडा झाला, पण वेचणीच्या दिवसांत घरातून एक अख्खा दिवस काढणे सोपे नसते. दुकानदाराने टाकी हातातही घेतली नाही. वॉरंटी एक वर्षाची आहे, पण तोटी आणि रबरी भाग तिच्यात येत नाहीत, असे त्यांनी कार्डावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून दाखवले. नवी तोटी ४५० रुपयांना मिळेल. नुसता वायसर मिळणार नाही. शिवाय दूध घालायचेच नव्हते, असेही ऐकवले. मी त्यांना खोक्यावरचे चित्र दाखवले, ज्यात तोटीखाली दुधाचा पेला भरताना स्पष्ट दिसतो. त्यावर ते म्हणाले, "चित्र कंपनीचं असतं, ताई, आमचं नाही."

४५० रुपयांपेक्षा मला या उत्तराचा राग जास्त आला. घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येते, आणि बिलाचा क्रमांक, तारीख व खोक्याचा फोटो हाताशी असला की तक्रार नोंदवायला फार वेळ लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क लागत नाही, हेही त्या निमित्ताने नीट वाचले. आयोगापर्यंत जावे लागले नाही. अठराव्या दिवशी कंपनीकडून नवी तोटी फुकट आली. बिल जपून ठेवले नसते तर यातले काहीच झाले नसते.

नवी तोटी बसवली, घरी आलेल्या पाहुण्यांसाठी दुधाचा चहा भरला, आणि दोन तासांत तीही गळू लागली. त्या रात्री मी तोटी पुन्हा उघडून दिव्याखाली धरली. वायसर कोरा होता, त्याला कुठे चीर नव्हती, पण त्याच्या कडेने कागदासारखा पातळ, पिवळसर पापुद्रा गोल चिकटलेला होता. बोटाने ओढला तर तो अखंड निघून आला. तेव्हा लक्षात आले की मी इतके दिवस चुकीच्या जागी बोट ठेवत होते. दूध सत्तर अंशांच्या वर तापले की त्यातल्या प्रथिनांची ठेवण बदलते आणि ती साय होऊन जिथे जागा मिळेल तिथे चिकटतात. पृष्ठभागावरची साय आपल्याला दिसते, तोटीच्या नळीत धरणारी दिसत नाही. तोटी टाकीच्या बाहेर असल्यामुळे टाकीपेक्षा गार असते, दोन कपांच्या मधल्या वेळात तिथला चहा थिजतो, आणि प्रत्येक कपाबरोबर एक नवा थर बसतो. गाळणी कितीही बारीक असली तरी जे गाळल्यानंतर तयार होते ते ती कसे अडवणार? कंपनीने खोक्यावर दुधाचे चित्र छापू नये, हे माझे म्हणणे कायम आहे, पण तोटी वाईट आहे हे म्हणणे मी मागे घेते.

त्यानंतर टाकीत दूध घालणे पूर्ण बंद केले. आता टाकीत फक्त कोरा चहा असतो. साठ कपांसाठी साडेचार लिटर पाणी, दीडशे ग्रॅम चहापत्ती, ठेचलेले अद्रक आणि गवती चहाची जुडी आठ-दहा मिनिटे उकळायची, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायची आणि भरायची. अद्रक किसू नये, कारण किसलेल्या अद्रकाचे तंतू फडक्यातूनही निसटतात. आणि ते कच्चे दुधात टाकू नये, कारण कच्च्या अद्रकात दूध फाडणारे द्रव्य असते, जे उकळल्यावर निकामी होते. बाजूला दोन लिटरच्या दोन थर्मासमध्ये गरम दूध, एका डब्यात साखर, दुसऱ्यात किसलेला गूळ. ज्यांना दूध नको त्यांच्यासाठी लिंबाच्या फोडी आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड दुसऱ्या ताटात, दुधापासून लांब, कारण दोन्ही एका कपात गेली की दूध फाटते. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास घरात असतातच; साल फेकण्याऐवजी सावलीत वाळवली की पूड वर्षभर पुरते. दुधाचे थर्मास अर्धे झाले की पुन्हा तापवलेले दूध भरते, कारण साठ अंशांच्या खाली दूध तासन्‌तास ठेवणे पोटाला बरे नाही.

याला घरातून विरोध झाला, तो चवीपेक्षा रीतीवरून. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यानं सोताच्या हातानं चहा घ्यावा, असं आपल्या घरी कधी झालं नाही, बाई." त्यांचे म्हणणे मला पटले. पाहुणा टेबलाशी उभा राहून स्वतः कप भरतो आहे आणि घरची माणसे बसून पाहत आहेत, हे आमच्या गावात बरे दिसत नाही. म्हणून आता टाकीजवळ घरातले एक मूल उभे असते, ते विचारून चहा करून देते, आणि वडीलधाऱ्यांना व जावईबापूंना कप-बशी जागेवर नेऊन देतो. यात एक लाभ अनपेक्षित निघाला. गावात साखरेचा आजार असलेली बरीच माणसे आहेत आणि पाहुणचारात "मला बिनसाखरेचा द्या" असे सांगायला ती संकोचतात, मुलाने "साखर किती घालू?" असे विचारले की ती मोकळेपणी सांगतात. चुलत सासरे दोन घोट घेऊन कप बाजूला ठेवायचे, ते संक्रांतीला दोन कप कोरा चहा पिऊन गेले.

१४ जानेवारीपासून २५ जानेवारीच्या रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे तीन कार्यक्रम या मांडणीवर झाले. सगळ्यात मोठ्याला सत्तर बाया होत्या. कप-बश्या गावातल्या बचत गटाकडून भाड्याने आणतो. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो आणि ते गावात शेवटी जाळलेच जातात, म्हणून ते घेत नाही. या तीन कार्यक्रमांत तोटीतून एक थेंबही गळला नाही. मी प्रत्येक वेळी तोटीखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून पाहिले आहे.

दुसरी तक्रार मात्र अजून तशीच आहे. तोटीचे भोक तळापासून दीड सेंटिमीटर वर आहे, आणि टाकीची आतली रुंदी चोवीस सेंटिमीटर असल्यामुळे सुमारे सातशे मिलिलिटर चहा खाली राहूनच जातो. म्हणजे प्रत्येक भरणीला सहा-सात छोटे कप. शेवटी शेवटी आम्ही टाकीच्या मागच्या बाजूखाली बसायचा पाट सरकवतो, त्याने बराचसा निघतो, पण टाकी घसरण्याची भीती असते आणि जवळ लहान मुले असतात. भोक खाली घेणे किंवा तळाला उतार देणे कंपनीला अवघड नसावे.

वापर संपला की लगेच तोटीतून एक लिटर उकळते पाणी सोडते, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा असतो, आणि महिन्यातून एकदा नट उघडून आतली नळी बाटली धुण्याच्या ब्रशने घासते. बोअरच्या पाण्याचा थर धरला तर लिंबाचा रस घातलेले गरम पाणी अर्धा तास ठेवले की तो सुटतो. ज्यांना टाकी घ्यायचीच आहे त्यांनी दुकानातच तिच्यात तांब्याभर पाणी ओतून, खटका वीस वेळा दाबून, खाली कोरा कागद ठेवून दहा मिनिटे थांबावे, आणि नट हाताने उघडतो का ते पाहावे; न उघडणारी तोटी फुकट मिळाली तरी घेऊ नये. वायसर आमच्या आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानात पंधरा रुपयांना एक मिळतो. त्यासाठी ४५० रुपयांची अख्खी तोटी घ्यायची गरज नाही. मी चार घेऊन ठेवले आहेत, आणि अजून एकही वापरावा लागलेला नाही.