द फ्लॅश: पाय सुसाट, डोकं गहाण

'द फ्लॅश'वरून माझं आणि भाच्याचं कायम वाजतं. त्याच्या मते सुपरहिरोच्या मालिकेत लॉजिक शोधणं म्हणजे रिकामटेकडेपणा. अहो, वीज अंगावर पडून बॅरी अॅलन ध्वनीपेक्षा जोरात पळायला लागला, हे मी निमूट मान्य केलंय. पण मग खलनायक कॅप्टन कोल्ड बंदूक रोखेपर्यंत हा बाबा समोर उभा राहून संवाद का म्हणतो? तेवढ्या वेळात बंदूक हिसकावून, चहा पिऊन परत येता येईल! अशक्य गोष्ट दाखवा, पण स्वतः ठरवलेला नियम तरी पाळा.

ग्राफिक्सला भाचा नावं ठेवतो, तिथे मात्र मी मालिकेच्या बाजूने. पहिल्या सीझनच्या २१ व्या भागात गोरिला ग्रॉड भुयारांच्या अंधारात वावरतो. टीव्हीच्या बजेटमध्ये केसाळ प्राणी उजेडात आणला की पितळ उघडं पडतं, म्हणून ही हुशारी मला आवडली.

आणि तुरुंगातले प्रसंग! काचेपलीकडे बॅरीचा बाप, दोघांच्या हातात रिसीव्हर, स्पेशल इफेक्ट शून्य. बाप झालेला जॉन वेस्ली शिप १९९० च्या मालिकेत स्वतः फ्लॅश होता. बॅरी झालेल्या ग्रँट गस्टिनचे डोळे भरतात तेव्हा भाचासुद्धा गप्प बसतो.

२०१४ ते २०२३, एकूण ९ सीझन. पहिला डोळे झाकून बघा. तिसऱ्यानंतर कालप्रवासाचा इतका गुंता होतो, की मी भांडी घासता घासता ऐकायचे.