फक्कीने आखलेलं घर आणि बुधवारची सुनावणी

माझं पोळीभाजी केंद्र आहे, नवी मुंबईत, गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत. घरात पाच माणसं. पहाटे साडेपाचला तवा चढतो तो साडेअकराला उतरतो, तोवर नव्वद डबे बाहेर पडलेले असतात. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या आमच्या उपनगरात, एका मोकळ्या भूखंडावर परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव आहे. त्या जागेवर आधी बाजाराचं आरक्षण होतं. ते बदलायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी दोन दिवस ठेवले होते. एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर नकाशा समजावून सांगणार होते आणि नंतर एका बुधवारी कार्यालयात सुनावणी होती. मी दोन्हीकडे गेले. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्या भागात उद्या असंच काही होईल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

रविवारला माझ्याकडून पाचपैकी पाच.

मला वाटलं होतं, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतील आणि चहा पाजून घरी पाठवतील. मैदानात पोचले तर दोन मुली आणि एक मुलगा फक्कीने जमिनीवर रेषा मारत होते. खेळाच्या दिवशी मारतात तशाच. अख्खं घर खऱ्या मापाने आखलेलं! २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकाचं घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचं धरलं होतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. हा आकडा मी कितीतरी वेळा वाचला होता. पण त्या पांढऱ्या रेषांच्या आत सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या, माझा मुलगा पुठ्ठ्याचं खोकं फ्रिज म्हणून ठेवून आला, तेव्हा कळलं ३२३ फूट म्हणजे काय ते. फ्रिजचं दार उघडलं की सासूबाईंचे गुडघे मध्ये. त्यांना रात्री संडासला जायचं तर माझ्या अंथरुणावरून जावं लागणार.

मी ओटा बघायला गेले. पाच फुटांचा. शेगडी आणि सिंक सोडून परात ठेवायला जागा उरेना. मी खाली बसून, हात पसरून दाखवलं की मी कणीक मळते ती एवढ्या जागेत. दोघींपैकी एक मुलगी, पंचविशीची असेल, टेप घेऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "काकू, रोज किती किलो?" मी म्हटलं, अठरा. तिने वहीत लिहिलं. मग उठली, चपलेने बाथरूमच्या भिंतीची रेषा पुसली, वीतभर आत सरकवून पुन्हा फक्की मारली. ओटा तेवढा लांब झाला. परात बसली. आजूबाजूच्या बायका एकदम पुढे आल्या, कारण आपण बोललो तर रेषा हलते हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यानंतर तासभर मैदान सोडवेना. पापड लाटणाऱ्या काकूंनी विचारलं, वाळवण कुठे घालू? गच्चीला कुलूप असणार का? इस्त्रीवाले दादा म्हणाले, माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर ठेवलं तर गिऱ्हाईक चढेल का? त्यांनी तळमजल्यावर छोटे गाळे मागितले, तिथेच राहणाऱ्यांसाठी राखीव. मला ती सगळ्यात महत्त्वाची सूचना वाटली. आमच्यासारख्यांचं घर हाच धंदा असतो. घर मिळालं आणि धंदा बुडाला तर हप्ता कशातून भरणार?

हे मी इतकं धरून बसले आहे त्याला कारण आहे. माझं माहेर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं. वडील एपीएमसी मार्केटात, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, ओझी उचलायचे. मिळालेलं घर इवलंसं, पण जमिनीवरचं. थोरल्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा वर एक मजला चढला, धाकट्याच्या वेळी आणखी एक. ते सगळं नियमात बसत होतं असं मी म्हणणार नाही. पण घर माणसांबरोबर वाढलं. बेलापूरला सेक्टर ८ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली आर्टिस्ट व्हिलेजची वस्ती बघा. तिथे हा विचार आधीपासूनच केला होता. प्रत्येक घराला आपला जमिनीचा तुकडा, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. टॉवरमध्ये तसं करता येत नाही. चौदाव्या मजल्यावरची भिंत वीतभरसुद्धा हलत नाही. म्हणून जे विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं, आणि जो तिथे राहणार आहे त्याला विचारायला हवं.

बुधवारच्या सुनावणीला पाचपैकी दोन.

वेळ होती सकाळी अकराची. मी त्या दिवशी तीस डबे रद्द केले तेव्हा जाता आलं. पापडवाल्या काकू आल्या नाहीत, इस्त्रीवाले दादा आले नाहीत. भाड्याने राहणारे आम्ही मोजून सहाजण होतो. बाकी हॉल भरला होता तो शेजारच्या सोसायट्यांतल्या लोकांनी. त्यांच्यावर माझा राग नाही. मोरबे धरणाच्या पाण्यातलं आमच्या नोडला वाढीव किती मिळणार, गाड्या कुठे उभ्या राहणार, एवढी मुलं कोणत्या शाळेत जाणार, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि उद्या तेच प्रश्न आमचेही असतील. एक गृहस्थ मात्र "असे लोक आले की परिसराची किंमत पडते" असं म्हणाले. त्यांच्या सोसायटीत माझे अकरा डबे जातात. मी तिथेच उभी राहून त्यांना हे सांगितलं. ते गप्प झाले.

प्रत्येकाला दोन मिनिटं. मी लिफ्ट आणि देखभालीचा महिन्याचा खर्च किती येईल ते विचारलं. हप्त्याचा आकडा सगळे सांगतात, मेंटेनन्सचा कोणी सांगत नाही. उत्तर मिळालं, "तो नंतरचा विषय आहे." रविवारी काढलेली वही टेबलावर नव्हती. ती तरुण मुलगीही दिसली नाही. म्हणजे मैदानात सांगितलेलं सुनावणीच्या कागदावर आलंय की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता.

माझं ऐकाल तर मैदानात कितीही मनापासून ऐकून घेतलं तरी घरी येऊन तेच सगळं कागदावर लिहा. साध्या मराठीत, मापांसकट. दोन प्रती काढा, मुदतीच्या आत आवक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय हलू नका. मी ओटा, गच्ची आणि गाळे अशा तीन सूचना दिल्या. खाली बावीस बायकांच्या सह्या आहेत. त्यातल्या अकरा जणी त्या बुधवारी कामावर होत्या.

सुनावणी होऊन तीन महिने झाले. कोणती सूचना घेतली, कोणती नाही, काही कळवलेलं नाही. पोच मी फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे. दर सोमवारी डबे आटोपले की तो आवक क्रमांक घेऊन विचारायला जाते. या सोमवारी पापडवाल्या काकूही येणार आहेत.