राष्ट्राध्यक्षाची निवडणूक: एक फेरी, दोन फेऱ्या की पसंतीक्रम?

नियम ठरवताना पहिला प्रश्न हा असावा: पक्षांनी आपसांत तडजोड कधी करायची?

सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, हा नियम सोपा आणि स्वस्त. पण इथे तडजोड अर्ज माघारीपूर्वीच व्हावी लागते. दक्षिण कोरियात १९८७ साली किम यंग-साम (२८ टक्के) आणि किम दे-जुंग (२७ टक्के) या विरोधकांपैकी कुणीच मागे हटले नाही. सत्ताधारी पक्षाचे माजी जनरल रोह ते-वू ३६.६ टक्क्यांवर निवडून आले.

दोन फेऱ्यांच्या पद्धतीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते; इथे तडजोड मधल्या आठवड्यांत होते. त्यामुळे पहिल्या फेरीत ताकद अजमावायला सगळेच उतरतात, आणि मते फुटून दुसऱ्या क्रमांकावर भलताच कुणी येण्याचा धोका राहतो. फ्रान्समध्ये २००२ साली १६ उमेदवार होते. डाव्यांची मते फुटली, समाजवादी पंतप्रधान जोस्पाँ १६.२ टक्क्यांवर अडकले आणि १६.९ टक्क्यांचे अतिउजवे ल पेन अंतिम फेरीत गेले. पेरूत २०२१ साली गत आणखी बिकट झाली. कास्तियो १८.९ टक्के, फुजिमोरी १३.४ टक्के, म्हणजे दोन तृतीयांश मतदारांची पहिली पसंती अंतिम फेरीत नव्हतीच. शिवाय संसद पहिल्या फेरीच्याच दिवशी निवडली गेली होती. कास्तियो जिंकले, पण १३० पैकी ३७ जागांच्या पक्षावर.

अर्जेंटिनाने मधली वाट काढली आहे: ४५ टक्के, किंवा ४० टक्के आणि १० टक्क्यांची आघाडी मिळाली की दुसरी फेरी नाही. यात विरोधकांना पहिल्याच फेरीत एकत्र येण्याची निकड राहते.

पसंतीक्रमात मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो; कुणालाच निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत, तर बाद उमेदवारांची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. म्हणजे तडजोड मतदार स्वतःच मतपत्रिकेवर करतो. आयर्लंडमध्ये १९९० साली लेनिहन ४४ टक्क्यांवर पुढे होते; तिसऱ्या उमेदवाराची मते वळली आणि ३९ टक्क्यांच्या मेरी रॉबिन्सन निवडून आल्या. मात्र लोक पुढच्या पसंती लिहीत नसतील, तर ही पद्धत कागदावरच राहते. श्रीलंकेत २०२४ साली बाद उमेदवारांच्या सुमारे ३३ लाख मतपत्रिकांपैकी जेमतेम पावणेतीन लाख पहिल्या दोघांकडे वळल्या. दिसानायके जिंकले, तरी एकूण वैध मतांच्या निम्म्यापर्यंत पोहोचले नाहीत.

आमच्या मते, पक्ष दोन-तीनच असतील तर एक फेरी चालेल. पक्ष विखुरलेले असतील तर पसंतीक्रम सर्वांत न्याय्य, पण मतदारांना पसंती लिहायला आधीपासून शिकवण्याची तयारी हवी. ती नसेल तर दोन फेऱ्या घ्याव्यात आणि संसदेचे मतदान पहिल्या फेरीला न जोडता दुसऱ्या फेरीच्या दिवशी किंवा त्यानंतर ठेवावे.