'द शायनिंग': १९८०चा सिनेमा बघावा की १९९७ची मालिका?

स्टीफन किंगच्या १९७७च्या कादंबरीवरचा स्टॅन्ली कुब्रिकचा सिनेमा बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. त्याच कादंबरीवर १९९७मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीने तीन भागांची मालिका दाखवली, दिग्दर्शक मिक गॅरिस. दोन्हीकडे गोष्ट तीच: दारू सोडलेला, लेखक व्हायला निघालेला जॅक टॉरन्स बायको वेंडी आणि लहानग्या डॅनीला घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरातलं ओव्हरलुक हॉटेल हिवाळाभर सांभाळायला जातो. बर्फाने रस्ते बंद होतात आणि हॉटेल हळूहळू त्याचा ताबा घेतं.

एकच बघायला वेळ असेल तर सिनेमा बघा. मालिकेने माझी फार निराशा केली, कारण तिच्याकडे सगळं काही होतं. सिनेमातला जॅक पहिल्यापासूनच वेडसर वाटतो, मग त्याची घसरण दिसणार कुठे, ही किंगची जुनी तक्रार. मालिकेची पटकथा त्याने स्वतः लिहिली. चित्रीकरण झालं ते कोलोरॅडोतल्याच एस्टेस पार्क गावच्या स्टॅन्ली हॉटेलात. १९७४मध्ये तिथल्या २१७ नंबरच्या खोलीत राहिल्यावरच त्याला ही गोष्ट सुचली होती. कुब्रिकचं ओव्हरलुक मात्र इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओतला सेट, आणि बाहेरून दिसते ती ओरेगॉनमधली टिंबरलाइन लॉज. तरीही अंगावर येतं ते कुब्रिकचंच हॉटेल.

डॅनी तीनचाकी सायकल घेऊन रिकाम्या व्हरांड्यांतून फिरतो, ते दृश्य बघा. कॅमेरा जमिनीलगत, त्याच्या पाठोपाठ. चाकं लाकडी फरशीवर घरघरतात, गालिच्यावर आली की आवाज गडप, पुन्हा फरशी, पुन्हा घरघर. काहीच घडत नाही, आणि पुढच्या वळणावर काय असेल या विचाराने आपण श्वास धरून बसतो.

याउलट मालिकेतली झुडपं. कादंबरीत हॉटेलच्या बागेत प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. आपली पाठ वळली की ती जागा बदलतात. वाचताना घाम फुटतो. कुब्रिकने ती काढून झुडपांचा चक्रव्यूह आणला. मालिकेने ती जशीच्या तशी ठेवली आणि संगणकावर हलवून दाखवली. पडद्यावर सरकणारा तो हिरवा सिंह इतका खोटा दिसतो की भीती तिथेच संपते. फक्त डॅनीलाच दिसणारा त्याचा काल्पनिक मित्र टोनी, त्याचंही तेच: सिनेमात तो मुलाच्या घशातून येणारा एक घोगरा आवाज आणि वाकणारं बोट, एवढाच. मालिकेत तो हवेत तरंगणारा चष्मेवाला मुलगा होऊन समोर येतो. जे वाचकाच्या मनात राहायला हवं होतं ते सगळं इथे उजेडात मांडलंय. त्यात लांबी सुमारे साडेचार तास, आणि जाहिरातींसाठी मध्येमध्ये तोडलेली दृश्यं.

न्यायाने बोलायचं तर एका बाबतीत मालिका सरस आहे. स्टीव्हन वेबरचा जॅक खरंच प्रेमळ बाप वाटतो; दारूपासून लांब राहायची त्याची धडपड दिसते, त्यामुळे तो हातचा जातो तेव्हा वाईट वाटतं. सिनेमातला जॅक, म्हणजे जॅक निकल्सन, बघताना भीती वाटते, कीव येत नाही. रिबेका डी मॉर्नेची वेंडीही जास्त खंबीर आहे. पण सिनेमातल्या वेंडीला, शेली ड्युव्हालला, नुसती रडकी म्हणणं मला मुळीच पटत नाही. हातात बॅट घेऊन, उलट्या पावली जिना चढत ती नवऱ्याला मागे रेटते, तो प्रसंग बघा. तिथे तिच्या थरथरत्या हातांनीच आपल्याला धरून ठेवलेलं असतं.

(पुढे शेवट सांगितलाय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) मालिकेत कादंबरीप्रमाणे बॉयलर फुटून हॉटेल जळतं. तिथेच थांबायचं, तर काही वर्षांनंतरचा पदवीदान समारंभ येतो आणि जॅकचं भूत मुलाकडे हवेत पापा फेकतं. इतक्या अंधारानंतर हा गोडवा असह्य होतो. कुब्रिकचा जॅक बर्फात गोठून मरतो आणि आपल्याला दिलासा म्हणून काहीच मिळत नाही.

सिनेमा लावण्याआधी लांबी तपासा: अमेरिकेतली प्रत १४४ मिनिटांची, युरोपसाठी कापलेली ११९ मिनिटांची. लांबवाली मिळाली तर तीच घ्या. वेंडी डॉक्टरीणबाईंना डॅनीच्या हाताला झालेली दुखापत सांगते तो महत्त्वाचा प्रसंग तिच्यात आहे. जॅकची बाजू नीट कळून घ्यायची असेल तर मालिकेचे साडेचार तास कादंबरीला द्या. कादंबरी आधीच वाचून झाली असेल आणि वेबरसाठी उत्सुकता असेल, तर मालिकेचा पहिला भाग तेवढा बघा.