फॅमिट्रॅकर: पाच आवाजांत आख्खी वादकांची पार्टी

वडसा-ब्रह्मपुरीकडल्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की रात्री आपल्या राहत नाहीत. धानाची रोवणी आटोपल्यावर मात्र हात मोकळे होतात, आणि त्या दिवसांत मी जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या धर्तीवर चाली बांधतो. त्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतो ते फॅमिट्रॅकर. फुकट आहे, आकाराने लहान आहे, जुन्या विंडोज लॅपटॉपवर विनातक्रार चालतं.

ज्यांनी कॅसेट लावून मारिओ, काँट्रा खेळलं त्यांच्या कानात हा आवाज आहेच. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम काढला, आणि त्याच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून गावोगावी पोचल्या. त्यातल्या चिपला आवाज पाचच: सुरावटीचे दोन पल्स, खर्जाचा एक ट्रँगल, ठेक्याच्या खरखरीचा एक नॉईज आणि रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी एक. फॅमिट्रॅकर उघडलं की हेच पाच रकाने समोर येतात. सूर वरून खाली ओळीने लिहायचे. की-बोर्डवरच्या झेडपासूनच्या ओळीत एक सप्तक, क्यूपासूनच्या ओळीत त्याच्या वरचं. पेटीवर फिरलेल्या बोटांना ही सवय लवकर लागते.

कोजी कोंडो यांनी १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत याच पाच आवाजांच्या मर्यादेत केलं. संगीतासकट तो सगळा गेम ४० केबीत मावला होता. आणि हे पाचही आवाज पूर्ण संगीताच्या वाट्याला येत नाहीत. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज एक पल्स घेतो आणि तेवढ्यापुरती ती सुरावट थांबते. तरी चाल तुटल्यासारखी वाटत नाही, कारण ठेका आणि बाकीचे सूर तिला धरून ठेवतात. नाटकात पात्र बोलू लागलं की ऑर्गन आवरता घ्यावा लागतो, त्यामुळे या कामातली अक्कल मला आतून कळते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पेटी-ऑर्गनवर मींड निघत नाही, हे दुखणं प्रत्येक वादकाचं आहे. इथे सुराच्या बाजूच्या रकान्यात ३ आणि पुढे वेगाचा आकडा लिहिला की एक सूर दुसऱ्यावर सरकत जातो. ४ लिहून आंदोलन देता येतं. पी लिहून सूर केसभर चढवता-उतरवता येतो. पी ८० म्हणजे मूळ जागा. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यातली एक चाल मी पहिल्या पल्सवर बसवली आणि तीच दुसऱ्या पल्सवर तीन ओळी खाली सरकवून लिहिली. पहिलीचा आवाज सी, दुसरीचा ४. (इथे आवाजाची पातळी शून्यापासून नऊ आणि मग ए ते एफ अशी मोजतात.) लगेच मोकळ्या धुऱ्यावरून आवाज फिरून यावा तसा पडसाद मिळाला. जुन्या गेममध्ये पडसादासाठी हीच युक्ती वापरत. भाचा ऐकून म्हणाला, “मामा, हा गेम कोनता होय? खेळाले दे ना.” गेम नव्हताच, नुसती चाल होती.

ठेक्याचं गणितही जमतं. एका पॅटर्नला, म्हणजे चालीच्या एका तुकड्याला, मुळात ६४ ओळी असतात. मात्रेला चार ओळी धरल्या तर केरव्याची दोन आवर्तनं त्यात बरोबर बसतात. दादऱ्यासाठी ओळी ४८ करून घ्या, नाहीतर सम भलतीकडे पडेल. ढोलकीचा घुमारा हवा असेल तर ट्रँगलचा सूर झटक्यात खाली ओढायचा आणि त्यावर नॉईजचा बारीक ठोका द्यायचा.

उणिवाही आहेत. ट्रँगलला आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. एकतर वाजतो, नाहीतर बंद. खर्जासाठी तो उत्तम आहे, पण हळुवार जागी आडवा येतो. वरच्या सप्तकात पल्सचे सूर थोडे बेसूर होतात, आणि कान तयार असलेल्याला ते लगेच खटकतं. दोष सॉफ्टवेअरचा नाही. चिपमध्ये सुरासाठी ११ बिटांचा पूर्णांक असतो, आणि तिथे वर शेजारच्या दोन आकड्यांच्या सुरांमधलं अंतरच मोठं पडतं. म्हणून मी मुख्य सुरावट मधल्या सप्तकात ठेवतो. सगळ्या सूचना इंग्रजीत आहेत, आणि मराठीत कुणी नीट शिकवलेलं मला अजून दिसलं नाही. आपल्याकडच्या इतक्या हुशार वादक पोरांपर्यंत हे पोचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मूळ फॅमिट्रॅकरमध्ये आता नवीन भर पडत नाही. त्याच्यावरूनच काढलेलं डीएन-फॅमिट्रॅकर घ्या, तेही फुकट आहे. तयार चाल वेव्ह फाईल करून व्हॉट्सॲपवर पाठवता येते. कोनामीच्या व्हीआरसी६ सारख्या जादा चिपही त्यात जोडता येतात, पण सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका. पहिली चाल दोन पल्स आणि ट्रँगल एवढ्यावरच बांधा, नॉईज मागाहून घाला, आणि पाचवा रकाना खुशाल रिकामा ठेवा.