मरीन प्लाय, 304 स्टील आणि वाईन चिलर : बारच्या नूतनीकरणात कुठे फसवतात

शहापूर तालुक्यातल्या एका गावात दिंडोरीकडच्या एका वाईन करणाऱ्या घराण्याचा जुना परमिट रूम आहे. ठाण्यातल्या एका ठेकेदाराने तो नव्याने सजवायचं काम लमसम (एकरकमी, मोजमाप न करता) घेतलं आणि घरच्यांना चांगलंच लुबाडलं. कोटेशन हातात घेऊन एकेक वस्तू तपासली, तेव्हा लक्षात आलं की बहुतेक लबाडी काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहिलेली होती. ठाणे, कल्याण, पनवेल पट्ट्यात बार किंवा हॉटेलचं काम काढणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

कोटेशनची पहिलीच ओळ होती, ‘तोडफोड करून राबिट उचलणे, लमसम’. जुना काउंटर अस्सल सागवानी, खाली पितळेचा पायदांडा. तो सगळा राबिट म्हणून टेम्पोत चढला. 14 फूट लांब, 2 फूट रुंद आणि दीड इंच जाडीची नुसती वरची फळी घेतली तरी साडेतीन घनफूट साग होतो (लांबी गुणिले रुंदी फुटांत, गुणिले जाडी इंचांत, भागिले 12). जुन्या, मुरलेल्या सागाला नव्यापेक्षा जास्त मागणी असते, आणि पितळ किलोवर विकलं जातं. वर तोडफोडीचे पैसे घेतले ते वेगळेच. म्हणून तोडण्याआधी फोटो काढा, मापं लिहा आणि करारात ‘निघालेलं सर्व लाकूड, धातू व काच मालकाची’ ही ओळ घालाच.

नव्या काउंटरसाठी ‘मरीन प्लाय किंवा समतुल्य’ असं लिहिलं होतं. ‘समतुल्य’ या शब्दाखाली एमआर प्लाय आला. मरीन प्लाय आयएस 710 या भारतीय मानकाखाली येतो आणि त्याला 72 तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. एमआर प्लाय आयएस 303 मधला, युरियाच्या गोंदाचा, कोरड्या खोलीतल्या कपाटापुरता. बारच्या काउंटरखाली सिंक, बर्फाची पेटी आणि रोज पुसली जाणारी फरशी असते. तिथे तो पहिल्या पावसाळ्यातच खालच्या कडेने फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात. आलेल्या प्लायवर मरीनचा शिक्का मारलेला होता, पण शिक्का कुणीही मारतो. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घाला. कंपनीचं नाव आणि 710 दोन्ही जुळले पाहिजेत. शंका आली तर सहा इंचाचा तुकडा कापून पातेल्यात उकळा. एमआरचे थर काही तासांत सुटायला लागतात. जाडी व्हर्नियरने मोजा, कारण बिलात 19 मिमी आणि हातात 16 हा तर नेहमीचाच प्रकार. हे सगळं टेम्पोतून माल उतरताना करायचं. एकदा लॅमिनेट चढलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

स्टीलचंही तसंच. नुसतं ‘एसएस सिंक’ (स्टेनलेस स्टीलचं) लिहिलं की 304 ऐवजी 202 ही हलकी प्रत येते. 304 मध्ये निकेल किमान 8 टक्के असतं. 202 मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. लिंबू, मीठ, वाईन आणि ब्लीचिंग यांनी 202 वर गंजाचे ठिपके येतात. ठेकेदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नका, चुंबक 202 लाही चिकटत नाही. स्टीलवाल्याकडे तपासणीचं द्रावण मिळतं, 9 व्होल्टच्या बॅटरीसोबत वापरायचं. थेंब लालसर झाला तर 202. जाडी गेजमध्ये न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

खरा संताप येतो तो वाईन चिलरचा. ज्यांचा व्यवसायच वाईन, त्यांच्याच बारमध्ये कॉम्प्रेसरवाल्या चिलरच्या दराने थर्मोइलेक्ट्रिक कपाट बसवलं. त्यात कॉम्प्रेसर नसतोच. ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच खाली जातं. मे महिन्यात एसी बंद असताना खोली 36 अंशांवर गेली की कपाट 16 ते 21 वरच अडतं, आणि वाईन साठवायला हवेत 12 ते 14. ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव (आर600ए किंवा आर134ए) आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं नसेल, तर कॉम्प्रेसर नाही. त्यातही ते सुटं ठेवायचं कपाट प्लायच्या खोक्यात घट्ट कोंबलं होतं. मागून उष्णता बाहेर पडायला वाट नाही, मग आतलं तापमान आणखी चढतं. काउंटरखाली बसवायचं असेल तर समोरच्या बाजूने, खालच्या जाळीतून हवा सोडणारं बिल्ट-इन मॉडेलच घ्या आणि मॉडेल क्रमांक करारात लिहा.

‘नकाशा पास करून देणे’ या नावाखाली मोठी रोख रक्कम घेतली, पावती नाही. परवान्याच्या जागेत काउंटर, स्टोअर किंवा दरवाजा हलवायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी काम सुरू होण्याआधी लागते. इथे तसा अर्जच गेलेला नव्हता. मंजूर नकाशा एक आणि जागा दुसरी असेल तर परवानाधारक अडकतो, ठेकेदार नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो. सरकारी शुल्क ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा व्यवस्थेतल्या चलनाने भरलं जातं, त्यावर जीआरएन हा क्रमांक असतो. तो मागा आणि ग्रासच्या संकेतस्थळावर तपासा.

बिलात 18 टक्के जीएसटी लावला होता, पण ठेकेदार निघाला कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटी योजनेतला. अशा व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. त्याचा 27 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की करदात्याचा प्रकार लगेच दिसतो.

पैसे 50-40-10 असे ठरले होते. म्हणजे माल आत येताच 90 टक्के गेले. त्याऐवजी 10 टक्के आगाऊ द्या, पुढचे टप्पे प्रत्यक्ष मोजमाप झाल्यावर, आणि शेवटचे 10 टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवा. आपल्याकडचा पाऊस गळती, तुंबलेला नाला आणि फुगलेला प्लाय सगळं उघड करतो.

फसवणूक झालीच तर ग्राहक आयोगावर फार भिस्त ठेवू नका. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठीचा स्वयंरोजगार एवढाच अपवाद. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार देता येते, पण ‘हा दिवाणी वाद आहे’ असं उत्तर मिळण्याची तयारी ठेवा. वसुलीचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्यासाठी सही केलेलं कोटेशन, बँकेतून दिलेल्या रकमा, माल उतरतानाचे फोटो आणि कापून ठेवलेला प्लायचा तुकडा, हे सगळं एका फाईलमध्ये जपून ठेवा.